विलायती गाडी, रंग हिरवा

६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

हे पत्र उभ्यानं वाचू नकोस. खुर्ची घे, चष्मा घे, आणि रागवायचं असेल तर शेवटच्या ओळीपर्यंत कळ काढ.

मी गाडी घेतली.

साधीसुधी असती तर सर्दी-पडशाच्या बातम्या झाल्यावर खालच्या कोपऱ्यात सांगितलं असतं. पण ही विलायती आहे. जुनी आहे, चार दारांची आहे, आणि नाक इतकं लांब की दुकानासमोर उभी केली तर निम्मी शेजारच्या चपलावाल्याच्या पुढ्यात जाते. रंग गडद हिरवा, थेट बाटलीसारखा.

टेकडीवरचं जुनं हॉटेल तुला आठवत असेल. ते बंद झालं. बड्या पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला मालकानं ही गाडी ठेवली होती. त्याचे कोट मीच शिवतो. गेल्या महिन्यात मापाला आला आणि हात वर करून उभा असताना म्हणाला, "मास्तर, गाडी काढायचीय. कुणी गिऱ्हाईक असेल तर सांगा." मी टेप त्याच्या छातीभोवती तशीच धरून म्हणालो, "आहे."

तू म्हणशील, शिंप्याला कशाला हवी असली गाडी? ताई, असल्या गाडीतून उतरताना शोभावेत असे कोट मी जन्मभर शिवले. कोट घालून उतरणारे उतरले, मी आपला गळ्यात टेप अडकवून दारात उभा. एकदा आत बसून बघावंसं वाटलं. बसलो, आणि मग उठवेना.

हिचं दार लावलं की आवाज होत नाही. बाहेरचा आवाज बंद होतो, एवढंच. समोर अक्रोडाच्या लाकडाची फळी, हात फिरवला तर लोण्यासारखी. पुढच्या सीटांच्या पाठीला घडीची लाकडी टेबलं आहेत. मागं बसून चहाचा कप ठेवायचा. सगळ्या सीटांची शिवण मी बोटांनी तपासली. टाका एकसारखा, कुठंही घाई नाही. ज्यानं शिवलंय त्याला मी माझ्या दुकानात डोळे मिटून ठेवला असता. आणि वास. जुनं कातडं, मेणाचं पॉलिश, जरासं पेट्रोल, आणि कुणाच्या तरी सिगारचा उरलासुरला धूर.

तुझ्या भावजयीनं आठवडाभर अबोला धरला होता. बघायला आली ती केवळ "नाही" म्हणायला. मी गाडीभोवती एक चक्कर मारली, रंगाची तारीफ केली, आणि काय जादू झाली कोण जाणे, ही एकदम म्हणाली, "घेऊन टाका." माझ्या बोलण्यात अजून दम आहे म्हणायचा.

आणखी एक. दुकान महिनाअखेरीला बंद करतोय. पुष्कळ शिवलं. बाकी सगळं ठीक.

भावोजी गेल्यापासून तू गल्लीच्या टोकापलीकडे गेलेली नाहीस. आता सबब चालायची नाही. गाडी दाराशी येईल.

तुझा,
ढब्बू


१४ फेब्रुवारी

ढब्बू,

फोन केला नाही, कारण फोनवर मला नीट रागवता येत नाही. तू मध्येच हसतोस.

लोक पांढरा हत्ती पाळतात असं ऐकून होते. तू हिरवा शोधून काढलास. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. तू पाय आधी पसरलेस आणि मग अंथरूणच विकलंस. चालत्या दुकानाला कुलूप कशासाठी? "पुष्कळ शिवलं" हे काय कारण झालं? मी पुष्कळ शिकवलं, पण निवृत्तीच्या दिवशीसुद्धा शेवटचा तास घेऊनच बाहेर पडले. हा माणूस इस्त्री गरम असेपर्यंत दुकानात असतो असं तुझी गिऱ्हाइकं म्हणायची.

भावजयीला तू काय सांगून वश केलंस ते मला समजलेलं नाही. ती बटणसुद्धा चार ठिकाणी भाव करून आणणारी. तिनं एका चकरेत "घेऊन टाका" म्हणावं? तिची तब्येत बरी आहे ना?

आणि अक्षर. तुझ्याकडून दुरेघी वह्या मी गिरवून घेतल्या होत्या. आता पहिली ओळ छताला लागतेय आणि शेवटची पाटाखाली घसरतेय. थाट वाढला की अक्षर बिघडतं, हे मी मुख्याध्यापिकांच्या बाबतीतही पाहिलंय.

मी कुठंही येणार नाही. भिंतीवर जगाचा नकाशा आहे, बसल्या जागी सगळीकडे जाऊन येते. एका भूगोलाच्या बाईला तेवढं पुरतं.

ताई


२ मार्च

प्रिय ताई,

तुझ्या पत्रानं कान लाल झाले, म्हणजे पत्र पोचलं.

गाडी पाळणं म्हणजे काय ते आता कळतंय. ही रोज रात्री अंगाखाली थोडं तेल टाकते. मिस्त्री म्हणतो, "टाकतेय तोवर काळजी नाही. टाकायची थांबली की समजा आत काही उरलं नाही." तो गाडीशी बोलतो. बॉनेट उघडण्याआधी "बघू हं जरा" म्हणतो, डॉक्टर पेशंटला म्हणतात तसं. सकाळी थंड असली की तिला चोक द्यावा लागतो, मग ती खोकते, शिंकते, आणि सगळ्या गल्लीला आम्ही उठल्याचं कळतं.

गेल्या रविवारची गंमत सांगतो. भर बाजारात, मोठ्या चौकात गाडी बंद पडली. पुढं भाजीच्या हातगाड्या, मागं बस. लगेच तज्ज्ञ जमले. औषधवाला म्हणाला बॅटरी. मासेवाली म्हणाली, बॅटरी नाही, पाणी. एक पेन्शनर म्हणाले, असल्या गाड्या मान राखून चालवाव्या लागतात. शेवटी सगळ्यांनी मिळून ढकलायचं ठरवलं. ताई, ही गाडी ढकलणं म्हणजे शाळेची इमारत सरकवणं. पाचसहा जण वाकले, "हय्या" झालं, आणि तेवढ्यात तुझ्या भावजयीनं समोरचा एक खटका दाबून विचारलं, "हे कशाला आहे?" गाडी गुरगुरली आणि चालू पडली. या गाडीला पेट्रोलच्या दोन टाक्या आहेत, दोन्ही अंगांना एकेक. एक संपली की त्या खटक्यानं दुसरी सुरू करायची. हॉटेलवाल्यानं सांगितलं होतं, मी विसरलो. आम्ही निघालो, तरी मागं ती माणसं वाकलेलीच होती, असं ही सांगते.

तिला गाडी शिकायची हौस आली आहे. मी नको म्हटलं नाही. मी आपला मागं बसतो, टेबल उघडतो, चहा पितो. कातडं उन्हानं तापलं की काय सुरेख वास सुटतो.

दुकान बंद केलं. मशीन तेवढं घरी आणलं आहे.

तुझा,
ढब्बू


११ मार्च

ढब्बू,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मला तुझ्या बायकोची दया आली.

खटका तिनं दाबला. म्हणजे स्टिअरिंगवर ती. आणि तू मागं, टेबल उघडून, चहा पीत. जिनं उभ्या आयुष्यात सायकल चालवली नाही तिला तू भर बाजारात त्या हत्तीवर बसवलंस, आणि स्वतः हॉटेलातला पाहुणा झालास? व्हॅन घेऊन गावोगाव कोट पोचवणारा माझा भाऊ कुठं गेला? हौस तिला आली म्हणतोस. बायकांच्या हौशी नवऱ्यांच्या सोयीप्रमाणे येतात, हे मी फार संसारांत पाहिलंय.

मागच्या सीटवर शोभायला पोट लागतं. तुझं नाव ढब्बू असलं तरी पोट तुझं कधीच गेलं. तेव्हा पुढं ये आणि गाडी हाक.

एक फोटो पाठव. रागवायचं तर कशावर रागावतेय ते बघून तरी रागवावं.

ताई


२८ मार्च

प्रिय ताई,

हे पत्र मी सांगतोय आणि ही लिहितेय. तुला अक्षराची तक्रार होती, ती मिटवून टाकली. (नमस्कार वन्स. मी जसं सांगतील तसं लिहिणार आहे, पण चूक असेल तिथं कंसात दुरुस्ती करीन.)

हिला वाहन चालवण्याचा परवाना मिळाला. परीक्षा घेणारा साहेब गाडी बघून इतका खूश झाला की त्यानं गाव पालथं घालायला लावलं. (मला घाम फुटला होता. साहेब मागच्या टेबलावर कागद ठेवून लिहीत होते.) परतताना फाटकाच्या खांबाला एक दार किंचित घासलं. (किंचित नाही. खांबही हलला.) खांबाची चूक होती, तो फारच पुढं आला होता. (हे मात्र खरं.)

तुझी शिकवण मानून मी पुढं, हिच्या शेजारी बसतो. गाडी कशी शिकवावी हे मला आता कळलंय. क्लच सोडताना ही घाबरायची, गाडी उड्या मारायची. मी म्हटलं, पायमशीनचं पायडल कसं सोडतेस? कापड सुईखाली सरकलं पाहिजे, ओढलं जायला नको. तसं सोड. त्या दिवसापासून उडी नाही. (एक. डेअरीसमोर.)

संध्याकाळी आम्ही कालव्याच्या रस्त्यानं जातो. खिडकी उघडी असली की वीटभट्टी कुठं संपली आणि ऊस कुठं लागला हे वासावरून सांगतो मी. ही पडताळून बघते. (दहातले आठ.)

सोबत फोटो आहे. चपलावाल्याच्या मुलीनं काढला. कशी दिसते हिरवी, सांग.

तुझा,
ढब्बू

(वन्स, फोटो पाठवू नका म्हणत होते मी, पण पाकीट त्यांनी स्वतःच बंद केलं.)


६ एप्रिल

प्रिय भावजयबाई,

हे पत्र फक्त तुला. म्हणून तुझ्या नावानं, तुझ्या माहेरच्या पत्त्यावर पाठवतेय.

फोटो मिळाला. तुम्ही दोघं छान दिसताय. गाडी निळी आहे.

मी फोटो खिडकीत नेऊन बघितला, दिव्याखाली बघितला, खालच्या मजल्यावरच्या बाईंना दाखवला. त्याही निळी म्हणाल्या. ढब्बू तिला दोन पत्रांत हिरवी म्हणतोय, आणि तू कंसात खांबाची दुरुस्ती करतेस पण रंगाची करत नाहीस.

सुई खाली ठेवली, व्हॅन सोडली, अक्षर घसरलं. मी इतकी वर्षं मुलींची उत्तरं तपासली, आणि हे मला आता दिसावं?

मला खरं सांग.

वन्स


१३ एप्रिल

वन्स,

तुम्ही विचारलंत, बरं झालं. मला एकटीला हे धरून ठेवायचा कंटाळा आला होता.

त्यांच्या डोळ्यांच्या आतला पडदा झिजतोय. डॉक्टर म्हणाले, सगळा अंधार होणार नाही. कडेकडेचं दिसत राहील, मधलं पुसट होत जाईल. तुम्ही समोर बसलात तर त्यांना तुमचे कान दिसतील, चेहरा दिसायचा नाही. औषध आहे ते फक्त वेग कमी करायला.

मला त्यांनी सांगितलं नव्हतं. चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणायचे. सकाळी दुकान उघडताना मी दिवसभराच्या सुया ओवून ठेवायची. वाटायचं, वय झालं, सगळ्यांचंच होतं. मग गाडीचं खूळ निघालं आणि मी चिडले. हॉटेलच्या अंगणात मी खरंच भांडायला गेले होते. दुपारचं लख्ख ऊन होतं. गाडी निळी, दौतीतल्या शाईसारखी. हे तिच्याभोवती फिरले आणि मला म्हणाले, "रंग बघ कसा. बाटलीसारखा हिरवा."

मालक हसला. त्याला थट्टा वाटली. मी त्याच्याकडे असं बघितलं की त्याचं हसू तिथंच थिजलं. हे बॉनेटवरून हात फिरवत होते, कापडाचा पोत बघतात तसा. दार उघडत होते, लावत होते, कान देऊन ऐकत होते. आत बसले आणि वास घेतला. वन्स, मला तेव्हा कळलं की हे गाडी बघत नाहीयेत. बघायचं सोडून बाकी सगळं त्या गाडीत भरपूर होतं. मी म्हटलं, घेऊन टाका.

घरी आल्यावर विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं, आणि आम्ही बराच वेळ मशीनजवळ बसून राहिलो. फक्त रंगाचं मी बोलले नाही. एवढं हातातून चाललंय, एक रंग त्यांच्या म्हणण्यासारखा राहिला तर कुणाचं काय जातं? गल्लीत सगळ्यांना सांगून ठेवलं. चपलावाला आता न चुकता हिरवी म्हणतो. डेअरीवाला एकदा चुकला, तर मी दोन दिवस त्याच्याकडून दूध घेतलं नाही.

तुम्हाला कळवायचं नाही असं त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलंय. भावोजींच्या आजारात तुम्ही ज्या खुर्चीत बसलात त्या खुर्चीत तुम्हाला परत बसवायचं नाही, म्हणाले.

गाडी चालवताना मी अजून घाबरते. पण हे शेजारी असले की कमी.

तुमची,
भावजय


२० एप्रिल

ढब्बू,

फोटो पोचला. तुझ्या गाडीबद्दल जे बोलले त्यातलं काहीही मागं घेत नाही.

पण माझी पाठ हल्ली दुखते, बसनं प्रवास जमायचा नाही, आणि भिंतीवरच्या नकाशाचा उजवा कोपरा उचकटलाय. तेव्हा विचार केला की तुझ्या गाडीला चार दारं आहेत, त्यातलं एक मला दिलंस तर काही बिघडणार नाही. पुढच्या महिन्यात मला न्यायला या. आठ-दहा दिवस राहीन. भावजयीनंच गाडी चालवावी; मला तिच्यावर जास्त भरवसा आहे.

काल सूटकेस माळ्यावरून उतरवली. आज सकाळी गल्लीच्या टोकापर्यंत गेले, तिथून आणखी पुढं पोस्टापर्यंत गेले, आणि हे पत्र स्वतः पेटीत टाकतेय. पायाखालचे दगड बदलले आहेत. कुणी मला सांगितलंही नाही.

ताई


३ मे

ताई,

ही बाजारात गेली आहे तेवढ्यात स्वतः लिहितोय. अक्षर मोठं काढावं लागतं, एका पानात फार मावत नाही, म्हणून पानं बघून घाबरू नकोस.

तू येते म्हणालीस तेव्हाच ओळखलं की तुला कळलंय. तुझी पाठ आजवर कधी दुखली नव्हती. कुणी सांगितलं ते विचारत नाही. आपल्यात ते काम करणारं एकच माणूस आहे, आणि तिनं केलं ते बरं केलं.

वाईट वाटतं का, असं तू विचारशील. वाटतं. काज करताना पहिल्यांदा सुई बोटात गेली त्या दिवशी फार वाटलं. डोळे गेल्याचं इतकं नाही, कापड वाया गेलं त्याचं. मग वाटायचं थोडं थांबलं. गाडीनं थांबवलं असं म्हणणार नाही, पण संध्याकाळी कुठं जायचं हा प्रश्न तिनं सोडवला.

खरी गोष्ट ही की, परवा मिस्त्री दाराचा ओरखडा रंगवायला आला. म्हणाला, "मास्तर, हा निळा जुळवायला वेळ लागेल." आणि रंगाचे डबे उगाच खडखडवायला लागला. मी म्हटलं, "हिरवा म्हणायचंय का तुला?" तो म्हणाला, "हो, हो, हिरवाच."  मी जाऊन पायरीवर बसलो. गल्लीतून माणसं येत होती जात होती, चपलावाला, डेअरीवाला, आणि प्रत्येकजण मला आठवत होता, गाडीला हिरवी म्हणताना. एवढ्या सगळ्यांना हिनं गाठलं असणार. एकेकाच्या दारी जाऊन.

तेव्हा माझं एक ऐक. आलीस की तूही हिरवीच म्हण. तिला कळू देऊ नकोस की मला कळलंय. तिनं फार कष्टानं ती गाडी रंगवली आहे.

फाटकाचा आवाज आला. थांबतो.

ढब्बू


२६ मे

प्रिय ढब्बू आणि भावजयबाई,

तुम्ही मला दाराशी सोडून काल परत फिरलात, तेव्हापासून घर जरा लहान वाटतंय. खालच्या मजल्यावरच्या बाई अजून गाडीबद्दलच बोलतात. तुम्ही मला न्यायला आलात त्या दिवशी सगळी गल्ली खिडक्यांत होती. भावजयबाई, तू पाठीमागं उशी घालून, हनुवटी स्टिअरिंगच्या वर काढून, जहाज धक्क्याला लावावं तशी गाडी आणलीस. उतरलीस आणि माझ्याकडे बघितलंस. मी म्हटलं, "काय सुंदर हिरवा आहे." ढब्बू माझ्याकडे तोंड करून हसत होता. मी जन्मात इतकं सरळ तोंड ठेवून खोटं बोलले नव्हते, आणि दोन्ही बाजूंनी शाबासकी मिळाली.

ते दहा दिवस माझे कसे गेले हे मी लिहायला बसले तर कागद पुरायचे नाहीत. एवढंच लिहिते की रोज संध्याकाळी मी मागच्या सीटवर बसून ढब्बूला रस्ता सांगायची, आणि मला माझा वर्ग परत मिळाल्यासारखं वाटायचं. डोंगर कुठल्या दगडाचा, नदीनं काठ कसा खाल्लाय, कुठल्या शेतात काय उभं आहे. फरक इतकाच की हा विद्यार्थी जांभया देत नव्हता.

पण घरी आल्यापासून एक गोष्ट टोचतेय.

काल मला पोचवायला येताना तो लांबच लांब माळ लागला. ढब्बू, इंजिन गरम झालं म्हणून आपण दोनदा थांबलो होतो, तू थकला होतास. तू विचारलंस, "ताई, आता काय?" मी डावीकडे, तुझ्या बाजूला बघितलं. माळ, खुरटी झुडपं, आणि सिमेंटच्या जाहिरातीची एक गंजलेली पाटी. तुझा चेहरा बघितला. आणि माझ्या तोंडून गेलं, "तळं."

तू विचारलंस, "केवढं?"

"मोठं आहे. पलीकडच्या काठावर झाडं दिसतात."

"पाणी हलतंय?"

"नाही. शांत आहे."

तू काच खाली केलीस, हात बाहेर काढलास, आणि म्हणालास, "गार लागतंय."

तिथं तळं नाही. मी नकाशातही पाहिलं, कुठं असलंच तर म्हणून. नाही. रंगाचं खोटं तुम्ही मला शिकवलंत, पण हे माझं स्वतःचं आहे. आंधळ्याला खोटा रस्ता सांगू नये एवढं तरी शिक्षिकेला समजायला हवं होतं. रागावला असशील तर तसं कळव, फोन नको. फोनवर तू हसतोस.

ताई


२ जून

प्रिय ताई,

मी सांगतोय, ही लिहितेय. (नमस्कार वन्स.)

पहिली गोष्ट, "रंगाचं खोटं तुम्ही मला शिकवलंत" असं तू दोघांच्या नावानं लिहिलंस, आणि पत्र हिनं मोठ्यानं वाचलं. वाचता वाचता थांबली. मग आमच्यात जे बोलणं व्हायचं ते झालं. (मी आधी रडले, मग डेअरीवाल्याकडे जाऊन त्याचे मागचे दोन दिवस माफ करून आले.) गाडी हिरवीच ठरली आहे. आता ती आम्ही दोघांनी मिळून ठरवली, एवढाच फरक.

आता तळं. ताई, तिथं तळं नाही हे मला ठाऊक होतं. त्या रस्त्यानं व्हॅन घेऊन मी इतक्यांदा गेलोय की त्यातला खड्डान्‌खड्डा माझ्या कमरेला पाठ आहे. सिमेंटची पाटीही ठाऊक होती, ती लागली तेव्हा नवी कोरी होती. पण तू "शांत आहे" म्हणालीस ना, त्यानंतर हात बाहेर काढला तर खरंच गार लागलं. म्हणून तसं म्हणालो. त्यात खोटं नव्हतं. रागाचं तर नावच काढू नकोस.

पण तुला पोचवून आम्ही परत फिरलो तेव्हाचं तुला माहीत नाही, ते सांगतो.

तू नव्हतीस, तेव्हा रस्ता सांगायला कुणी नव्हतं. ही गाडी चालवताना बोलत नाही. आणि हिच्याकडून असल्या गोष्टींची अपेक्षाही मी कधी केलेली नाही. काज सुताएवढं इकडंतिकडं झालं तर उसवून परत घालायला लावणारी बाई. (खरं आहे.) मी आपला कान देऊन बसलो होतो. त्या पाटीजवळ रस्त्याला एक उंचवटा आहे, गाडी तिथं बाळ उचलल्यासारखी वर होऊन खाली येते. ती वर झाली, खाली आली, आणि हिनं वेग कमी केला. कडेला घेतली. इंजिन बंद केलं.

मी विचारलं, "गरम झाली का?"

"नाही."

"मग थांबलीस का?"

हिनं हँडब्रेक ओढला. मग म्हणाली, "तळं आलंय."

मी हात काचेच्या मुठीवर ठेवला.

"वन्सनी घाईत सांगितलं," ही म्हणाली. "नीट बघितलंच नाही त्यांनी. पलीकडच्या काठाला एक होडी आहे."

मी काच खाली केली. थर्मासमधला चहा ओतला, तुझं टेबल उघडं राहिलं होतं, त्यावर हात मागं करून कप ठेवला. वारा होता. मागून एक ट्रक आला, हॉर्न वाजवत गेला, त्याला वाटलं असेल गाडी बंद पडली. आम्ही चहा संपेपर्यंत तिथं बसलो. मग ही म्हणाली, "निघू या, अंधार व्हायच्या आत पोचायला हवं," आणि क्लच इतका अलगद सोडला की गाडी निघाल्याचं मला कळलंच नाही.

तुझा,
ढब्बू

(वन्स, त्यांनी मला विचारलं नाही म्हणून मीही सांगितलं नाही, पण तुम्हाला लिहिते. होडीत दोघं होते. वल्ही बाईच्या हातात होती.)